सर, सोंड पडली!

शाळेच्या वेळापत्रकात ड्रॉइंगचा तास असतो तो इतरांनी मागून घेण्यासाठी. गणिताचा पोर्शन मागे पडला, घ्या ड्रॉइंगचा. स्नेहसंमेलनाची तालीम, घ्या ड्रॉइंगचा. फक्त गणपतीच्या आधीचे काही आठवडे माझ्या तासाकडे कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. कारण तेव्हा माझ्या वर्गात शाडू असतो आणि स्टाफरूममधले कपडे इस्त्रीचे असतात.

शाडू बहुतेक गुजरातेतून, भावनगरच्या बाजूने येतो. पोत्यातली कोरडी भुकटी आदल्या रात्री भिजवायची आणि सकाळी चांगली मळायची. आत हवा राहिली तर वाळताना तिथेच भेग जाते. हे शास्त्र मुलांच्या गळी उतरत नाही, पण मळताना गोळा बाकावर दाणदिशी आपटायचा असतो, हे लगेच उतरतं. आपटायला रीतसर परवानगी असलेला दुसरा विषय शाळेत नाही.

माती हाती आली की सातवीचा कुठलाही मुलगा आधी साप करतो. मग लाडू. मग तो लाडू पुढच्या बाकावरच्याच्या कॉलरमध्ये जातो आणि त्यानंतर गणपतीला सुरुवात होते.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण काढणारा इसम नक्की ड्रॉइंगचा मास्तर असणार. मात्र तो मारुतीवर थांबला, म्हणजे त्याचा वर्ग हुशार होता. आमच्याकडे सोंड पडली की मारुती होतो, कान पडले की कोणीतरी साधुपुरुष होतो, मुंडकं पडलं की शंकराची पिंड होते. तासाची घंटा होईपर्यंत पुन्हा लाडू.

सोंड पडते ती नुसती दाबून बसवल्यामुळे. दोन्ही बाजू तुटक्या कंगव्याने खरवडायच्या, मध्ये मातीचाच पातळ चिखल लावायचा, मग दाबायचं. आत आधाराला काडी घालायची नाही, कारण वाळताना माती आक्रसते, काडी आक्रसत नाही, मग सोंड तडकते. मूर्ती वाळवायची ती सावलीत. हे सगळं मी फळ्यावर लिहितो. मुलं ते वहीत उतरवून घेतात, खाली पट्टीने रेघ मारतात आणि थुंकी लावून सोंड चिकटवतात.

एकीने बाप्पाला चष्मा लावला, का तर बुद्धीची देवता म्हणजे वाचन असणारच. एकाने उंदीर इतक्या प्रेमाने केला की उरलेल्या मातीत गणपती उंदराच्या मुठीत मावेल एवढाच झाला. अशा वेळी माझी बोटं शिवशिवतात, पण मी हात मागे बांधून फिरतो. मास्तरने एक गाल सारखा केला की मूर्ती मास्तरची झाली, पोरगं उगाच प्रसादापुरतं उरतं. पालकांना हा संकोच नसतो. ‘घरी फक्त वाळवायला’ नेलेला गणपती दुसऱ्या दिवशी थेट पेणहून आल्यासारखा परततो.

तेच पालक विचारतात, “याचे मार्क किती?” एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत मातीकाम नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, मातीच्या उंदरावर काही मिळत नाही. मी त्यांना विनायक करमरकरांची गोष्ट सांगतो. अलिबागजवळच्या सासवण्यातल्या या मुलाने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले. ते कलेक्टर ऑटो रॉथफिल्डच्या नजरेस पडले आणि पोराची रवानगी मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये झाली. पुण्यातला १९२८ सालचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्याच पोराचा. आमच्या शाळेत असता तर भिंत खराब केली म्हणून घरी चिठ्ठी गेली असती.

यंदा मात्र गणिताचे सर ऐन शाडूत आले. पांढरा शर्ट, काखेत सराव संच. “तेवढा तास द्या हो, भूमिती राहिलीय.” मी दिलाही असता. पण वर्गाने कोपरापर्यंत भरलेले हात वर केले आणि त्याच वेळी शिपाईमामा येऊन म्हणाले, “बेसिन तुंबलंय. कोणी हात धुवायचे नाहीत.”

सर टेकले. समोर गोळा होता. थोड्या वेळाने घड्याळ काढून खिशात गेलं, मग बाह्या वर गेल्या. सर सांगलीकडचे, बेंदराला मातीचे बैल केलेले. त्यांनी काही चिकटवलंच नाही, एकाच गोळ्यातून चार पाय ओढून काढले, चिमटीने वशिंड वर घेतलं, शिंगं वळवली. पडायला सुटं काही नव्हतंच. सगळा वर्ग भोवती गोळा झाला. सरांना वर्गात एवढी शांतता मिळालेली मी प्रथमच पाहिली.

तेवढ्यात मागून एक हात वर आला. “सर, पुढचे पाय समांतर नाहीत.”

सरांनी मान वर केली नाही. “गाढवा,” ते म्हणाले, “तो चालतोय.”