ऐंशी टक्के

(लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. मे महिना. काउंटरच्या अलीकडे निवृत्त काका, पलीकडे दुरुस्तीवाला.)

काका : दोन वर्षांत बॅटरी खलास! आणि मी केवढी जपली. रोज पार बंद पडेपर्यंत उतरवायची, मग शंभर टक्के भरायची. नेम चुकवला नाही.

दुरुस्तीवाला : कुठला नेम हा?

काका : आमच्या पहिल्या कॉर्डलेस फोनचा.

दुरुस्तीवाला : ती निकेल-कॅडमियम. अर्धवट वापरून भरत राहिलं की तिला तेवढंच लक्षात राहायचं. ही लिथियम-आयन. 1991 साली सोनीने बाजारात आणली. हिला पार उतरणं सोसत नाही आणि काठोकाठ भरून राहणंही.

काका : म्हणजे उपासही नको, जेवणही नको. आमच्या धाकट्या सूनबाई!

दुरुस्तीवाला : वीस ते ऐंशीच्या मध्ये ठेवा. पूर्ण भरली की एकेका सेलमध्ये साधारण 4.2 व्होल्ट होतात. तसंच तासन् तास राहिलं की आतल्या रसायनांवर ताण येतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ऐंशीला थांबवायची सेटिंग असते.

काका : पैसे शंभराचे मोजले, वापरायचे ऐंशी?

दुरुस्तीवाला : प्रवासाला निघाल तेव्हा भरा की शंभर. एरवी ठेवता कुठे?

काका : पलंगावर, गोधडीवर. खालून खरचटू नये म्हणून.

दुरुस्तीवाला : हवेची भोकं बुजली! आणि वापरात नसताना?

काका : काठोकाठ भरून, पत्र्याच्या कपाटात. पश्चिमेच्या भिंतीला. एप्रिलभर गावी होतो, हातसुद्धा लावला नाही.

दुरुस्तीवाला : पूर्ण भरलेली, वर उकाडा. हात लावला नाहीत तरी ती म्हातारी होतच होती. ठेवायचीच तर अर्धी भरून, गार जागी.

काका : हिच्या शोधाला नोबेल मिळालं म्हणे. इतकी नाजूक वस्तू?

दुरुस्तीवाला : 2019 साली. तिघांना. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते.

काका : बघ! माणूस टिकला. बॅटरीच तेवढी दोन वर्षांत गेली.

दुरुस्तीवाला : (लॅपटॉप उलटसुलट करून) काका, हा टचपॅड वर का आलाय?

काका : तो हल्लीच उचलला गेला. पण बसवतोय मी. रात्री वर मोल्सवर्थचा शब्दकोश ठेवतो.

दुरुस्तीवाला : (दोन पावलं मागे सरत) शब्दकोश?

काका : आधी पंचांग ठेवून पाहिलं. वजन पुरेना.

दुरुस्तीवाला : अहो, बॅटरी फुगलीय! आत गॅस धरलाय. दाबली, टोचली तर पेट घेईल. आणि रात्री चार्जिंगही चालू ठेवत असाल?

काका : अर्थात. नेम म्हटलं ना.

दुरुस्तीवाला : आता बटणालाही हात लावू नका. काढतो मी. नवी बसेल, जुनी ई-कचऱ्यात जाईल.

काका : जुनी घरी नेतो. भंगारवाला दहा-वीस रुपये देईल.

दुरुस्तीवाला : भंगारवाल्याने हातोडा घातला तर? राहू द्या इथेच. हे घ्या बिल.

काका : (चष्मा लावून बघत) हे तू ऐंशी टक्केच घे हो. पूर्ण भरलं की ताण येतो म्हणालास.

दुरुस्तीवाला : मी जुन्या निकेल-कॅडमियमचा, काका. अर्धवट भरलेलं लक्षात ठेवतो.