झाडून सारे

तुकोबारायांची पालखी बारामती सोडून, काटेवाडीत परीट मंडळींनी अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांचा आणि मेंढ्यांच्या रिंगणाचा मान घेऊन सणसरला मुक्कामी पोचावयाची, त्याच्या आधी आठवडाभर ज्यांच्या अंगी सार्वजनिक स्वच्छतेचा संचार होतो, त्या सद्गृहस्थांचे (ते पंचक्रोशीतील हरएक गावी आढळतात, म्हणून नाव पुसण्याचे प्रयोजन नाही) समग्र चरित्र 'झाडणे' या एका क्रियापदात मावते.

पहाटे घरोघरच्या बायका अंगणे झाडीत असतात, तेव्हा हे निद्रिस्त असतात. उठल्यावर यांचे अंथरूणही दुसरेच कोणी झाडते. मग चावडीपुढे येऊन ते प्रथम पंचायतीच्या शिपायाला झाडतात, पारावरच्या रिकामटेकड्यांची झाडाझडती घेतात, आणि "गाव झाडून सारा हजर पाहिजे," अशी सक्त ताकीद देऊन सभा भरवितात. सभेत ते भाषण झाडतात. प्रतिपक्षावर फैरी झाडतात. प्रतिपक्ष दुगाण्या झाडतो.

भाषणाचा विषय अर्थातच गाडगेबाबा. 1876 साली शेणगावी जन्मलेला तो संत गावात शिरताच आधी खराट्याने गल्ल्या झाडी आणि रात्री कीर्तनात त्याच ग्रामस्थांची मने. आमच्या गृहस्थांनी या दिनचर्येचा उत्तरार्ध तेवढा पत्करून पूर्वार्ध भावी पिढीकडे वर्ग केला. पुढे सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले, तपासणी समित्यांचे दौरे होऊ लागले, आणि खराटा हाती धरलेले आपले छायाचित्र दप्तरी दाखल असणे यांना अगत्याचे वाटू लागले. अडचण एकच: बायकांनी रस्ता आधीच इतका लख्ख केलेला असे, की छायाचित्रापुरताही कचरा सापडू नये. तेव्हा शेजारच्या उसाच्या फडातून (कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या या मुलखात फडाला काय तोटा!) दोन कवळे पाचट मागवून ते रस्त्यावर कलात्मक रीतीने पसरण्यात येई, गृहस्थ टोपी सावरून खराटा तिरपा धरीत, छायाचित्रकार 'झाले' म्हणे, आणि मंडळी चहाला जात. पाचट झाडायला पुन्हा त्याच बायका. त्या जे बोलत, ते तपासणीच्या अहवालात नमूद नाही.

पालखी हलते, बेलवाडीच्या गोल रिंगणाकडे लोक धावतात, मैदानावर पत्रावळी आणि केळ्यांच्या साली तेवढ्या मुक्काम वाढवितात. शिपाई विचारतो, "अण्णा, हे कोण झाडणार?" अण्णा गंभीर मुद्रेने धोतराची धूळ झाडतात आणि रिंगणाची वेळ टळेल म्हणून घाईने चालू लागतात. वाटेत खराट्यांची उधारी मागायला दुकानदार आडवा येतो.

"खराटे गावाचे," अण्णा म्हणतात, "गावाकडून घ्या," आणि हात झाडतात.