आहेराची बेरीज

मोहगावला चुलतभावाच्या पोरीचं लग्न उरकलं आणि आहेराची वही माझ्या पुढ्यात आली. पन्नाशीत मी पायथॉन शिकतोय, ही बातमी तोवर अर्धनारीश्वराच्या देवळापर्यंत पोचली होती. काकू म्हणाली, "तुह्या मशीनीवर कर ना बाप्पा बेरीज."

आधी पहिले तीनच आहेर घेतले : ५०१, १०१, ११. वहीतले आकडे मराठी. तसेच टाइप केले तर पायथॉन अडून बसला. अवतरणचिन्हांत घातले तेव्हा निमूट झाला. लूप लावून एकाला एक जोडत गेलो. उत्तर आलं ५०११०१११.

अंगणात शांतता. काकांनी बोटं मोजली. पाच कोटी, एक लाख, दहा हजार, एकशे अकरा. "कोनाले सांगू नको," ते म्हणाले.

अवतरणात गेलेला आकडा आकडा राहत नाही, शब्द होतो. आणि शब्दांची बेरीज म्हणजे शेपटाला शेपूट. 'इंट' लावलं की तो परत माणसात येतो. शिवाय हे इंट देवनागरी अंकही वाचतं. मध्य प्रदेशात राहून मराठी जपणाऱ्या आम्हाला त्याचा केवढा अभिमान!

या खेपेला उत्तर आलं ११.

"बाकीचे फुकट जेवून गेले काय?" काका.

'एकूण बरोबर शून्य' ही ओळ मी लूपच्या आत लिहिली होती. दर पाहुण्याला पाटी कोरी. उरला तो शेवटचा. ओळ बाहेर काढली तेव्हा कुठे ६१३ आले.

मग अख्खी वही भरली. सातव्या नावापाशी रकमेच्या जागी 'टोपी-दुपट्टा' होतं. इंटनं तिथंच हात टेकले.

भाचीनं फोनवर सांगितलं, मामा, यासाठी 'सम' आहे, २००३ पासून. म्हणजे मी भरल्या विहिरीशेजारी नवी विहीर खणत होतो. पण सम तरी काय, टोपीपाशीच ठेचकाळला.

तेवढ्यात ओसरीवर काकूच्या नोटा मोजून होत आल्या होत्या. तिची मोजणी शून्यापासूनही नाही आणि एकापासूनही नाही, धान्य मापताना म्हणतात तशी, "लाभ, दोन, तीन..."

नोटांना रबर लावून तिनं वही ओढली. "माही झाली बेरीज. आता हे पाय. ह्या ११वाल्याच्या पोराच्या लग्नात आपन १०१ देल्ले होते. वजाबाकी शिकवली का तुले?"