खर्जासाठी जागा

काळी एकमध्ये लावलेल्या मर्दानी तानपुऱ्याचा खर्ज जवळजवळ पाच मीटर लांब असतो. हिशेब सोपा आहे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ वेळा कंप पावते. भागाकार केला की एका लहरीची लांबी निघते. फुटांत सांगायचं तर सव्वासोळा. पुण्यात कोथरूडला एका टू-बीएचकेचा हॉल नेमका एवढाच लांब आहे, आणि त्या घरातल्या गृहस्थांनी पन्नाशीनंतर हाय-एंड ऑडिओचा नाद लावून घेतला आहे. भीमसेन जोशी, कुमार गंधर्व यांच्या जुन्या एलपी त्यांच्याकडे भरपूर. म्हणजे तानपुरा आलाच, खर्ज आलाच आणि सव्वासोळा फूटही आले.

खोलीची आणि लहरीची लांबी अशी जुळली की लहर खोलीत मुक्काम ठोकते. दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर तो स्वर घुमत राहतो; दोन्ही भिंतींपासून चार-चार फुटांवर तो दबून जातो. वरच्या स्वरांवरून कान खर्ज ओळखतो खरा, पण छातीला जाणवणारा भाग गायब. आता आपल्याकडे सोफा कायम भिंतीला चिकटलेला. हळदीकुंकवाला बायका बसायच्या असतात, सत्यनारायणाचा चौरंग मांडायचा असतो, मधली जागा मोकळीच हवी. त्यामुळे सोफ्यावर बसलं की तानपुरा गवयाच्या डोक्यावर बसतो, आणि सोफा चार फूट पुढे ओढला की तानपुरा उठून निघून जातो. गृहस्थांनी अखेर मधलं माप शोधून अडीच फूट ओढला. संध्याकाळी घरी आलेल्या पत्नीने दारातूनच विचारलं, "अहो, रंगकाम काढलंय का?"

यंत्रं मोठी म्हणून जागा लागते, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. यंत्रं कशीतरी मावतात हो. मावत नाही ती त्यांच्या भोवतीची पोकळी. स्पीकर मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे हवेत, बाजूच्या भिंतींपासून लांब हवेत, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा, आणि त्या त्रिकोणात काही नसावं. हॉल दहा फूट रुंद धरला तर स्पीकरच्या मागेच तीस चौरस फूट नुसती हवा. चौरस फुटाला पंधरा हजारांचा भाव लावला तर साडेचार लाख रुपयांची हवा. स्पीकरची किंमत घरी सांगताना एक शून्य गाळता येतं. कार्पेट एरियाचा भाव मात्र घरात सगळ्यांना पाठ असतो.

शिवाय मराठी संसाराला रिकामी जागा बघवत नाही. स्पीकरच्या मागे तीन फूट मोकळे दिसले की आधी इस्त्रीचा बोर्ड येतो, मग घडीच्या खुर्च्या येतात, आणि पावसाळा लागला की कपडे वाळत घालायचा स्टँड कायमचा मुक्कामाला. टांगलेल्या चादरी वरचे स्वर शोषतात, हे ध्वनिशास्त्राला धरूनच आहे. पण क्वाड कंपनीच्या १९५७ सालच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरसारखं काही आणलं असेल तर पंचाईत. तो पातळ पडद्याचा स्पीकर दिसतो खोली गरम करायच्या हीटरसारखा, आणि जेवढा आवाज पुढे सोडतो तेवढाच मागे. म्हणजे अर्धा गवई चादरींना ऐकवायचा.

या सगळ्यातून सुटायचा एक मार्ग अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यातल्या होप या गावी निघाला. पॉल क्लिप्श या इंजिनिअरने १९४६ साली बाजारात आणलेला क्लिप्शहॉर्न हा स्पीकर भिंतीपासून दूर ठेवायचाच नसतो. तो थेट कोपऱ्यात कोंबायचा असतो. खोल स्वरांसाठी कर्णा करायचा तर त्याचं तोंड खोलीएवढं मोठं लागतं. क्लिप्शने कर्णा घडी घालून पेटीत बसवला आणि शेवटचा भाग केलाच नाही. तो भाग म्हणजे तुमच्या घराच्या दोन भिंती. कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती मिळून कर्ण्याचं तोंड आठपट लहान केलं तरी चालतं. माणूस हुशार. अर्धं यंत्र विकायचं आणि उरलेलं अर्धं गिऱ्हाइकाने बिल्डरकडून आधीच विकत घेतलेलं असायचं! उरलेली पेटीही चार फुटांहून उंच आणि शंभर किलोच्या आसपास. चार माणसांच्या लिफ्टमध्ये ती चढली तर हमाल जिन्याने, आणि हमाल चढले तर पेटी जिन्याने.

आणि कोपरा तरी कुठे मोकळा असतो? एकात बिल्डरचा कॉलम नाक खुपसून बसलेला, दुसऱ्यात देवघर, तिसऱ्याला लागून स्वयंपाकघराचं दार, चौथ्यात बाल्कनीचा सरकता दरवाजा. त्यात वास्तुशास्त्र. जड वस्तू नैऋत्येला, ईशान्य हलकी आणि मोकळी. पण स्टिरिओला एकाच भिंतीचे दोन कोपरे लागतात. दक्षिणेची भिंत धरली तर नैऋत्य आणि आग्नेय. पश्चिमेची धरली तर नैऋत्य आणि वायव्य. कोथरूडच्या गृहस्थांनी यावर मोठा युक्तिवाद रचला होता. आग्नेय ही अग्नीची दिशा, व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तापतोच, म्हणजे शास्त्राला मान्य. वायव्य वायूची, आणि स्पीकर शेवटी हवाच हलवतो, म्हणजे तेही मान्य. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि चपलांचं कपाट कुठे जाणार?" त्याला शास्त्रात उत्तर नव्हतं.

एक मोनो स्पीकर होता तोवर एका कोपऱ्यावर भागत होतं. हे दुप्पट झालं त्याला कारण अ‍ॅलन ब्लमलाइन हा ब्रिटिश इंजिनिअर. १९३१ साली तो बायकोबरोबर सिनेमाला गेला असताना, पडद्यावर नट एकीकडे आणि आवाज दुसरीकडूनच येतोय हे त्याला खटकलं. आवाज माणसामागे चालवायची युक्ती माझ्याकडे आहे, असं त्याने बायकोला सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला. त्या बाईंनी तिथेच "म्हणजे घरात दोन-दोन पेट्या?" असं विचारलं असतं तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. त्यांनी तसं विचारल्याची नोंद नाही, आणि १९५८च्या सुमारास स्टिरिओ एलपी दुकानात येऊन पोचल्या.

सुदैवाने तोवर लहान पेट्याही आल्या होत्या. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी अ‍ॅकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. फळीवर मावणाऱ्या पेटीतून खोल स्वर यायला लागले. फुकट काहीच नसतं. या पेट्यांना वीज भरपूर लागते. त्या काळातल्याच केएलएच कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन. त्यांच्या नावावर एक नियम आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कुठलेही दोनच मिळतील. लग्न जमवताना मध्यस्थ काका साधारण हेच सांगतात.

घरातला विरोध मोजण्यासाठी हाय-एंडवाल्या मंडळींनी एक मापही काढलं आहे. १९८३ साली ‘स्टिरिओफाइल’ या अमेरिकन मासिकात लॅरी ग्रीनहिल यांनी ‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’ हा शब्दप्रयोग छापला, आणि त्याचं श्रेय लुईस लिपनिक या सहकाऱ्याला दिलं. यंत्र बायकोच्या नजरेला किती खपेल याचा हा निर्देशांक. चेष्टा पुरुषी आणि थोडी आळशीच आहे, कारण बायकोचं म्हणणं बहुतेक वेळा ध्वनिशास्त्राच्या बाजूचं असतं. नुसत्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत टाळी वाजवली तर ती टणटणत परत येते. जाड पडदे, सतरंजी, गुबगुबीत सोफा, पुस्तकांनी वेडंवाकडं भरलेलं कपाट, म्हणजे ज्याला हे लोक ‘पसारा’ म्हणून हलवायला बघतात, तोच खोली सुधारत असतो.

जपानी माणसाने वेगळी वाट काढली. घरं लहान, भिंती पातळ, परदेशी तबकड्या महाग. मग एकाने मोठे स्पीकर घेऊन कॉफीचं दुकान काढायचं आणि बाकीच्यांनी एका कपावर तासन् तास बसायचं. अशा जाझ कॉफीगृहांपैकी इचिनोसेकी गावातलं १९७० साली निघालेलं ‘बेसी’ नामांकित आहे. पण घरी ऐकणारेही तिथे काही कमी नाहीत. टोकियोतल्या ऐंशी ओलांडलेल्या एका वकिलांनी आपल्या स्टिरिओला शेजाऱ्यांच्या विजेची बाधा नको म्हणून अंगणात स्वतःचा विजेचा खांब रोवून घेतला, आणि २०१६ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याची बातमी केली. आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडून पाहावा. पार्किंगच्या वादावर निदान तासभर तरी पडदा पडेल.

कोथरूडचे गृहस्थ शेवटी बीबीसीच्या एलएस-थ्री-फाइव्ह-ए या जातीच्या जोडीवर आले. १९७०च्या दशकात बीबीसीने हे छोटे स्पीकर स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत वापरण्यासाठी केले. गाडीत इंजिनिअर कसाबसा बसतो, मोठी पेटी ठेवायची कुठे? फूटभर उंचीचा, पाचेक किलोचा हा स्पीकर आवाजात, विशेषतः माणसाच्या गळ्यात, इतका खरा निघाला की गाड्या गेल्या आणि स्पीकर राहिले. लंडनच्या व्हॅनची अडचण आणि कोथरूडच्या हॉलची अडचण एकच असल्याने घरात आनंदीआनंद झाला. फळीवर बसतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

फळीवर बसवले की खालचा आवाज फुगतो. त्यांना स्टँड लागतात. स्टँड हलू नयेत म्हणून आत वाळू भरायची. (वाळूचं हे वेड जुनंच: वार्फडेलचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज दोन फळ्यांमध्ये वाळू भरून स्पीकर करत, आणि कोपऱ्यात विटांची पेटी बांधून घेण्याचा सल्लाही त्यांनी लोकांना दिलेला आहे.) आणि हे स्टँड भिंतीपासून तीन फूट पुढे. पेटी दहापट लहान झाली, पोकळी तेवढीच राहिली. शिवाय पेटी लहान म्हणून सबंध खर्ज येईना. म्हणून सबवूफर आला.

सबवूफर कुठे ठेवायचा हे ठरवण्याची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे आणि ती एकट्यानेच करावी. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागी, म्हणजे सोफ्यावर ठेवायचा. खर्जाचं काहीतरी लावून द्यायचं. मग खोलीच्या कडेकडेने रांगत, कान जमिनीपाशी ठेवून, कुठे तो स्वच्छ ऐकू येतो ते शोधायचं. जिथे ऐकू येईल तिथे सबवूफर. रविवारी दुपारी घरचे झोपल्यावर गृहस्थ टीपॉयच्या बाजूने देवघरापर्यंत रांगत आले होते, तेवढ्यात पाण्याच्या टाकीची वर्गणी मागायला सोसायटीचे सेक्रेटरी आले. दार उघडंच होतं. सोफ्यावर एक काळी पेटी घुमत बसली आहे आणि चेअरमनपदाला उभे राहिलेले हे गृहस्थ जमिनीला कान लावून पडले आहेत, असं दृश्य. सेक्रेटरींनी चपला न काढता हळूच विचारलं, "खालच्यांचं काही ऐकू येतंय का?"

चाचणीचा निकाल स्पष्ट लागला: सर्वोत्तम जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होती. दुसऱ्या क्रमांकाची, धान्याच्या कोठीपाशी. तिथे ठेवला तेव्हा ओट्यावरच्या मांडणीतली स्टीलची ताटं एका ठरावीक स्वराला थरथरू लागली. बाकी सगळे स्वर गप्प, तो एक आला की मांडणी साथीला. कुठलं ताट ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली. ते ताट आहेराचं निघालं आणि त्याखाली सुती पंचा घालून मिटवण्यात आलं. सबवूफर आता तिथेच आहे, वर टेबलक्लॉथ आहे, आणि त्यावर मिक्सर ठेवायचा नाही एवढा तह झाला आहे. गृहस्थ रात्री दहानंतर तो बंद करतात.

राहता राहिले खोके. हाय-एंडवाला मूळ खोका कधी टाकत नाही, कारण उद्या विकायची वेळ आली तर खोक्यासकट किंमत वेगळी येते. खोका आतल्या वस्तूपेक्षा बराच मोठा असतो, थर्मोकोलसकट जपावा लागतो आणि चिरडता येत नाही. माळ्यावर आधीच पितळी घंगाळं, गणपतीचं मखर, मुलांच्या दहावीच्या वह्या. स्पीकरचे दोन, अ‍ॅम्प्लिफायरचा, टर्नटेबलचा आणि सबवूफरचा असे खोके तिथे चढेनात. दिवाणात जाईनात. शेवटी टेम्पोने साताऱ्याला सासऱ्यांच्या वाड्यात पाठवले. तिथे अठरा बाय तीसची माडी आहे, मातीच्या जाड भिंती, लाकडी तख्तपोशी, चारही कोपरे रिकामे, आणि खिडकीत आकाशवाणी सांगली लावलेला एक ट्रान्झिस्टर. खोके उतरवून घेतल्यावर सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, खोके पोचले. पण सगळे रिकामेच आहेत. सामान मागून येतंय ना?"