लाल दिवा पाहा, मग बोला

संध्याकाळी आर्णीत घराघरांतून एकच वाक्य ऐकू येतं : "नेट चालून नाही राहिलं." कनेक्शनवाल्याला फोन जातो. तो सांगतो, राउटर बंद करून चालू करा. ग्राहक मुकाट्याने करतो. हे मुकाट्याने करणं आता बंद झालं पाहिजे.

फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लागला असेल, तर घरापर्यंत प्रकाशच पोचत नाही. मग राउटर शंभरदा बंद-चालू करून काय होणार? तार तुटलीय, नाहीतर कुठेतरी वाकलीय. काचेची तार काटकोनात वाकवली की प्रकाश तिथेच निसटतो. आणि आपल्याकडे ती दाराच्या फटीतून ओढून, खिळ्याला गुंडाळून लावलेली असते!

दिवा ठीक असेल तर लॅपटॉप लॅनच्या तारेने थेट राउटरला जोडा. वेग पूर्ण मिळाला, तर दोष वायफायचा. राउटर टीव्हीमागून काढून मोकळ्या, उंच जागी ठेवा. पण पैसे ३०० एमबीपीएसचे आणि तारेवरही वेग ९४-९५ च्या पुढे सरकत नसेल, तर बहुधा तारेतच खोट आहे. त्या तारेत आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी तुटली की जोडणी बऱ्याचदा १०० एमबीपीएसवर उतरते, आणि कुणालाच काही कळत नाही.

ही तार बाजारात स्वस्तही मिळते : आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. ब्लेडने खरवडा, पांढरं दिसेल. ती लवकर तुटते. शुद्ध तांब्याचीच मागा आणि पावतीवर तसं लिहून घ्या. घर बांधताना विजेच्या नळीशेजारी नेटची वेगळी नळी टाकायला मिस्त्रीला आधीच सांगा. नंतर भिंत फोडण्याचा खर्च तुमचाच.

घराबाहेरचा दोष मात्र ग्राहकाच्या माथी मारू नये. रस्ता, नाली, पाइपलाइन, प्रत्येक कामाला जेसीबी येतो आणि जमिनीतली तार उचकटतो. खोदण्याआधी तारेच्या मालकाला कळवता यावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप सुरू केलं. ठेकेदार ते वापरतो का, हे काम देणाऱ्याने विचारलंच पाहिजे. २० मार्च २०१४ ला याच आर्णी तालुक्यातल्या दाभडीतून नरेंद्र मोदींची 'चाय पे चर्चा' देशभर थेट दिसली. एका दिवसापुरती जोडणी पक्की होऊ शकते, तर तालुक्याच्या गावाला ती बाराही महिने का मिळू नये?

पुढच्या वेळी तक्रार तोंडी करू नका. लाल दिव्याचा फोटो काढा, तारेवर मोजलेला वेग लिहून ठेवा आणि डॉकेट क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. पुढे अपील करायचं झालं, तर तोच क्रमांक लागतो.