चित्तवृत्तींचे तलाठी

आमच्या सोसायटीतले अप्पा भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, थेट निदान करतात. सकाळी जिन्यात गाठ पडली आणि 'काल जरा झोप झाली नाही' असं तोंडातून निसटलं, की संपलं. "निद्रा हीसुद्धा वृत्तीच बरं का!" प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती या पाचांपैकी तुमची कोणती उसळली आहे, याची नोंद ते तलाठ्याने सातबाऱ्यावर करावी तशी करून घेतात. तोवर तुमची बस गेलेली असते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर कृष्णाजी केशव कोल्हटकरांचा 'भारतीय मानसशास्त्र' हा पातंजल योगदर्शनावरचा जाडजूड ग्रंथ त्यांच्या हाती लागला, तेव्हापासून हे असं आहे. योगसूत्रांचे पाद चार. अप्पांची खूण मात्र कित्येक दिवाळ्या दुसऱ्या पादातच, क्लेशांपाशी अडकली आहे. पुढे विभूती आहेत, कैवल्य आहे. पण अप्पांचा जीव क्लेशांतच रमतो. अर्थात दुसऱ्यांच्या.

परवा कुणा पोराने त्यांच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली. अप्पा खाली आले आणि आधी शांतपणे समजावू लागले, की क्लेश हा प्रसुप्त असतो, तनु असतो, विच्छिन्न असतो, नाहीतर उदार, म्हणजे पुरता फोफावलेला. पोरगा म्हणाला, "काका, दोनच मिनिटं." अप्पांचे कान लाल झाले, आवाज चढला. गॅलरीतून काकूंनी विचारलं, "अहो, तुमचा कुठला जागा झालाय?"

"द्वेष! उदार अवस्थेतला!" अप्पा वर न बघता ओरडले आणि भांडण पुढे चालू ठेवलं.

चित्त प्रसन्न राहावं म्हणून पतंजलींनी सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्यवानाची उपेक्षा सांगितली आहे. अप्पांनी सोयीसाठी शेवटून सुरुवात केली. मेंटेनन्स मागायला येणाऱ्या सेक्रेटरीची ते अत्यंत शास्त्रशुद्ध उपेक्षा करतात. शेजाऱ्याच्या मुलाला जर्मनीत नोकरी लागली, त्या दिवशी मुदिता काही जमली नाही. पेढा मात्र घेतला.

पण एक सांगायला हवं. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी सीएच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाकावर बसली होती. गुडघा थडथड उडत होता, श्वास वरच्या वर चाललेला. 'घाबरू नकोस' हे सगळ्यांचं सांगून झालं होतं. अप्पांनी एकदाच "अंगमेजयत्व" असं पुटपुटून घेतलं. चित्त विक्षिप्त झालं की अंग थरथरतं, श्वास बिघडतो, ही नोंद सूत्रांत आहेच. आणि सावकाश श्वास सोडून थोपवायचा उपायही. ते तिच्या शेजारी बसले आणि तिच्याबरोबर लांब श्वास सोडत राहिले. हळूहळू गुडघा थांबला. आमच्या मते उपाय लागू पडला त्यात निम्मा वाटा अप्पा तेवढा वेळ गप्प बसले याचा होता.

राहता राहिला पाचवा क्लेश, अभिनिवेश, म्हणजे मरणाचं भय. तो विद्वानांनाही सुटत नाही, असं पतंजलींनीच म्हणून ठेवलं आहे. अप्पांचा ईसीजी नॉर्मल आला आहे. तो त्यांनी आतापर्यंत तीन डॉक्टरांना दाखवला.