जॉर्जियाची वर्णानुक्रमी लोकशाही

लोकप्रतिनिधीने नेमके कोणाचे प्रतिनिधित्व करावे, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांत ‘माणसांचे’ असे उत्तर छापलेले असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्याला मात्र हे उत्तर विसाव्या शतकात बराच काळ उतावळेपणाचे वाटत होते. माणूस आज इथे तर उद्या तिथे. तो शहरात जातो, गिरणीत नोकरी धरतो, वर्तमानपत्र वाचू लागतो आणि मग त्याच्या मताचा भरवसा राहत नाही. जमीन मात्र जागची हलत नाही. म्हणून मत द्यायचेच तर ते जमिनीला द्यावे, असा निष्कर्ष तेथील कायदेमंडळाने काढला आणि त्यासाठी काउंटी हे माप वापरले. काउंटी म्हणजे राज्याचा स्थानिक कारभाराचा घटक. जॉर्जियात तो क्षेत्रफळाने सहसा महाराष्ट्रातील तालुक्याएवढा भरतो, पण कर बसवणे, रस्ते बांधणे, न्यायालय व तुरुंग चालवणे असे अधिकार त्याच्याकडे असल्याने त्याचा तोरा जिल्ह्याचा असतो.

अशा १५९ काउंट्या जॉर्जियात आहेत आणि या संख्येबाबत त्याच्यापुढे केवळ टेक्सास आहे. शेतकऱ्याला खेचराच्या गाडीतून कचेरीच्या गावी जाऊन त्याच दिवशी घरी परतता यावे म्हणून काउंट्या लहान ठेवल्या, असे कारण परंपरेने सांगितले जाते, आणि खेचराची इतकी काळजी वाहणारे दुसरे राज्य सापडणे कठीण आहे. १९०४ मध्ये घटनादुरुस्ती करून काउंट्यांची संख्या १४५ वर गोठवण्यात आली. त्यानंतर दर वेळी नवी घटनादुरुस्ती करून आणखी काउंट्या काढण्यात आल्या, आणि १९२४ पर्यंत गोठवलेला आकडा १६१ वर पोहोचला. पुढे १९३२ मध्ये दोन काउंट्या अटलांटा शहराच्या फुल्टन काउंटीत विलीन झाल्या, म्हणून तो १५९ वर आला. नवी काउंटी म्हणजे नवी कचेरी, नवा शेरिफ, नवा कर-वसुलीदार आणि कायदेमंडळात एक नवी जागा. एवढ्या लोकांची सोय होत असताना खेचराचे नाव पुढे करण्यात गैर काही नव्हते.

या व्यवस्थेला गणिती रूप दिले ते १९१७ च्या कायद्याने. त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाला प्रतिस्पर्धीच नव्हता, त्यामुळे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक असे आणि नोव्हेंबरमधील सार्वत्रिक मतदान हा केवळ उपचार उरे. कायद्याने या प्राथमिक निवडणुकीत मतदारांची मते राज्यभर एकत्र मोजण्याऐवजी प्रत्येक काउंटीला ठरावीक ‘एकक मते’ दिली. काउंटीत जो पहिला येईल, त्याच्या पदरात त्या काउंटीची सर्व एकक मते पडत. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा, त्यानंतरच्या तीस काउंट्यांना प्रत्येकी चार आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी दोन, अशी एकूण ४१० मते होत. त्यांपैकी २४२ मते सर्वांत लहान काउंट्यांकडे असल्यामुळे राज्यपाल होऊ पाहणाऱ्याने राज्यातील एकाही शहराकडे ढुंकून पाहिले नाही, तरी त्याचे काही अडत नसे. १९६० च्या जनगणनेनुसार फुल्टन काउंटीत ५,५६,३२६ लोक होते आणि त्यांना सहा मते होती; फ्लोरिडाच्या सीमेवरील एकोल्स काउंटीत १,८७६ लोक होते आणि त्यांना दोन. म्हणजे एकोल्समधील एका रहिवाशाचे वजन अटलांटाकडील ९९ रहिवाशांइतके भरत असे. एकोल्सच्या रहिवाशाला याची कल्पना असण्याचे कारण नव्हते, कारण त्याचे जीवनमान ९९ पट सुधारल्याची नोंद कोठेही आढळत नाही.

या पद्धतीचा सर्वांत यशस्वी अभ्यासक म्हणजे युजीन टॅलमॅज. लाल गॅलसवर, म्हणजे खांद्यावरच्या पट्ट्यांवर, पँट अडकवून सभा गाजवणारे हे गृहस्थ शिकलेले वकील होते, पण व्यासपीठावर ते शेतकरी म्हणून वावरत आणि त्यांनी राज्यपालपद चार वेळा जिंकले. ज्या काउंटीत ट्रॅम धावते तिथली मते आपल्याला नकोतच, अशी बढाई ते मारत असत असे सांगितले जाते, आणि एकक पद्धतीचे सार इतक्या थोड्या शब्दांत कोणा प्राध्यापकालाही मांडता आलेले नाही. १९४६ च्या प्राथमिक निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी जेम्स कार्मायकल यांना सुमारे १६ हजार मते अधिक पडली. एकक मतांत मात्र टॅलमॅज यांना २४२ आणि कार्मायकल यांना १४६ मिळाली. जनतेने कार्मायकल यांना निवडले आणि जमिनीने टॅलमॅज यांना. जमिनीचा कौल अंतिम असल्याने वाद मिटला.

ग्रामीण माणसाचा आवाज शहराच्या गोंगाटात बुडू नये, हे एकक पद्धतीचे अधिकृत समर्थन होते आणि ते ऐकायला भारदस्त आहे. अडचण एवढीच, की लहान काउंटीची दोन मते तिथल्या ग्रामीण माणसाच्या हाती नसून कचेरीतल्या मंडळींच्या हाती होती. शेरिफ, कर-वसुलीदार, न्यायाधीश आणि रस्त्याच्या कामांचे वाटप करणारा कमिशनर या चौघा-पाच जणांचे जिथे एकमत होई, तिथे काउंटीचे एकमत झाले असे समजले जाई. शिवाय १९४६ पर्यंत कृष्णवर्णीय नागरिकांना या प्राथमिक निवडणुकीत मतदानच करता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासच्या खटल्यात १९४४ मध्ये असा मज्जाव घटनाबाह्य ठरवला, तरी जॉर्जियाला तो निकाल स्वतःला लागू आहे हे उमगायला आणखी दोन वर्षे आणि आणखी एक खटला लागला. कापसाच्या पट्ट्यातील अनेक काउंट्यांत निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. एकक मते ठरवताना त्यांची डोकी धरली जात आणि ती मते टाकताना मात्र वगळली जात.

१९४६ च्या त्या प्राथमिक निवडणुकीनंतर जे घडले त्याने राज्यशास्त्रात मोलाची भर पडली. टॅलमॅज यांची प्रकृती ढासळलेली आहे हे त्यांच्या अनुयायांना ठाऊक होते, म्हणून नोव्हेंबरच्या मतदानात त्यांतील काही जणांनी दूरदृष्टीने मतपत्रिकेवर त्यांचे पुत्र हर्मन यांचे नाव हाताने लिहिले. डिसेंबरात टॅलमॅज शपथविधीपूर्वीच निवर्तले आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक मते मिळालेल्या दोघांतून राज्यपाल निवडण्याचा अधिकार आपला आहे, असे कायदेमंडळाने ठरवले. मोजणीत हर्मन ६१७ मतांसह तिसरे निघाले. त्यांच्याच घरच्या टेलफेअर काउंटीत मग ५८ मतपत्रिका सापडल्या, ज्या चुकून दुसऱ्या पाकिटात गेल्या होत्या, आणि ६६९ मतांवरच्या कार्मायकल यांना मागे टाकून हर्मन ६७५ वर पोहोचले. ‘अटलांटा जर्नल’चे वार्ताहर जॉर्ज गुडविन यांनी टेलफेअरच्या मतदारनोंदी तपासल्या, तेव्हा त्यांत कैलासवासी मतदार आढळले, काउंटी सोडून गेलेले आढळले, आणि शेवटी आलेले मतदार तर आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे ओळीने येऊन मत देऊन गेल्याचे दिसले. इतकी शिस्त जिवंत माणसांत सहसा आढळत नाही. गुडविन यांना या शोधाबद्दल पुलित्झर पारितोषिक मिळाले. हर्मन यांना कायदेमंडळाने राज्यपालपद दिले.

मावळत्या राज्यपालांनी खुर्ची सोडण्यास नकार दिला, नव्यांनी कुलपे बदलली, नवनिर्वाचित उपराज्यपालांनी तिसरा दावा ठोकला आणि राज्याला काही काळ तीन राज्यपाल लाभले. या गदारोळात राज्यसचिव बेन फोर्टसन यांनी राज्याची मोहर आपल्या चाकांच्या खुर्चीतील उशीखाली दडवून ठेवली. राज्यघटना, कायदेमंडळ आणि न्यायालये यांच्यापेक्षा एका उशीने राज्याचे अधिक रक्षण केल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. मार्च १९४७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उपराज्यपालांच्या बाजूने निकाल दिला. हर्मन पुढच्याच वर्षी निवडणूक लढवून रीतसर निवडून आले.

टेलफेअरची परंपरा खंडित झाली नाही. १९६२ मध्ये भुईमुगाचा व्यापार करणारे एक तरुण गृहस्थ, जिमी कार्टर, राज्याच्या सिनेटसाठी उभे राहिले. त्यांच्या मतदारसंघात क्विटमन नावाची चिमुकली काउंटी होती, आणि तिच्या जॉर्जटाउन या मुख्य गावी एका स्थानिक पुढाऱ्याच्या देखरेखीखाली मतदान होत असे. ३३३ जणांनी मतदान केल्याची नोंद होती, पेटीतून ४२० मतपत्रिका निघाल्या आणि मतदानाच्या नोंदीत लोक पुन्हा एकदा आद्याक्षरांच्या क्रमाने आले होते. कार्टर थोडक्यात हरल्याचे जाहीर झाले. ते न्यायालयात गेले, ती पेटी बाद झाली आणि ते निवडून आले. टेलफेअरला तिच्या पद्धतीने एक राज्यपाल मिळाला, तर क्विटमनची पद्धत उघडी पडल्याने अमेरिकेला पुढे एक राष्ट्राध्यक्ष मिळाला. दोन्ही काउंट्यांचे योगदान नाकारता येत नाही. याच कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवी सेवायोजनेतून मुंबईत विक्रोळीला आल्या आणि तिथल्या दवाखान्यात त्यांनी रुग्णांची सेवा केली. क्विटमनच्या तुलनेत विक्रोळीतील मतदारयाद्या त्यांना कशा वाटल्या असत्या, हा संशोधनाचा विषय आहे.

एकक पद्धतीचा शेवट न्यायालयाने केला. १९६२ मध्ये संघीय न्यायालयाने ती अडवली आणि मार्च १९६३ मध्ये ग्रे विरुद्ध सँडर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ती मोडीत काढून ‘एक व्यक्ती, एक मत’ हे तत्त्व सांगितले. जमिनीचा मताधिकार गेला. ग्रामीण काउंटीच्या पुरस्कर्त्यांवर हे मोठे संकट होते, पण ते राज्यपातळीवरचे. काउंटीच्या हद्दीत काय चालते, हा प्रश्न अद्याप कोणी विचारला नव्हता.

तो विचारला गेला ब्लेकली काउंटीत. जॉर्जियाच्या मध्यभागातील ही काउंटी १९१२ मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून तिचा सर्व कारभार एकच निवडून आलेला कमिशनर पाही. बहुतेक काउंट्यांत अनेक सदस्यांचे मंडळ असते. एकाच कमिशनरची मुभा देणारे राज्य सबंध अमेरिकेत जॉर्जियाच आहे, आणि तिथेही मोजक्याच काउंट्या तिचा लाभ घेतात. ब्लेकलीत कर बसवणारा, काउंटीच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारा आणि दावे निकालात काढणारा एकच असल्याने ‘आपला हात जगन्नाथ’ या न्यायाने कायदेकारी व कार्यकारी सत्तांचा समन्वय परिपूर्ण होता. अशा मंडळाला गणसंख्येची चिंता नसते, ठराव एकमताने संमत होतात, सभात्याग झालाच तर सभाही सोबत बाहेर पडते आणि अध्यक्षपदासाठी सदस्यांत रस्सीखेच होत नाही. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेत अविश्वास ठरावाच्या आदल्या रात्री सदस्यांना सहलीला न्यावे लागते. ब्लेकलीत तो खर्च वाचतो.

या आदर्श व्यवस्थेबाबत तक्रार होती ती काउंटीतील कृष्णवर्णीय रहिवाशांची. मतदानास पात्र लोकांत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. पाच प्रभागांतून पाच सदस्य निवडले, तर त्यांतील एक जागा त्यांच्या वाट्याला येऊ शकली असती, पण एका माणसाचा पाचवा हिस्सा काढता येत नाही. राज्याच्या कायदेमंडळाने १९८५ मध्ये बहुसदस्यीय मंडळाची परवानगी दिली होती, मात्र त्यासाठी सार्वमताची अट होती. १९८६ च्या सार्वमतात ब्लेकलीच्या मतदारांनी मंडळ नाकारले. याच मतदारांनी त्याआधी शाळा मंडळासाठी पाच प्रभाग आणि पाच सदस्य मंजूर केले होते.

प्रकरण होल्डर विरुद्ध हॉल या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. वांशिक कारणाने मताचे मोल घटवण्यास मनाई करणाऱ्या मताधिकार कायद्याचा या एकसदस्यीय रचनेने भंग होतो का, हे ठरवायचे होते. १९९४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की मंडळाच्या आकाराला या कायद्याखाली आव्हान देता येत नाही. मुख्य मतात दिलेले कारण असे, की एखाद्या रचनेत मताचे मोल घटले असे म्हणायचे तर ते कोणत्या रचनेच्या तुलनेत, हे सांगावे लागते. आणि एकाऐवजी पाच सदस्य हवेत असे धरले, तर पाचच का, तीन, दहा किंवा पंधरा का नाहीत, याला उत्तर नाही. हा निकाल नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, पाच जणांच्या बहुमताने, दिला. ब्लेकलीत मुलांच्या शाळेच्या कारभारासाठी पाच सदस्य राहिले, आणि कर, रस्ते व काउंटीच्या मालमत्तेसाठी एक.